आण्णांची माती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले, की हसावं का गप्प बसावं ते तुम्हाला कळायचं नाही. मला तरी कुठं कळलंय अजून!

मी पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते. उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवतात, त्या जमिनींचा अभ्यास. म्हणजे नेमकं काय करते? गावोगाव फिरून शेतातली माती गोळा करते. आई म्हणते, "एवढं शिकून शेवटी मातीच?" असो.

बिद्रीच्या पुढं एका गावात आण्णांचं रान. आण्णा म्हणजे चालतं-बोलतं माणूस, आणि त्यातही बोलतंच जास्त! माती न्यायला जावं तर आधी चहा, मग बांधावरच्या भांडणाचा इतिहास, मग "लगीन कधी करतीस?", आणि ऊन डोक्यावर आलं की माती. आपल्याकडं वेळ आहे म्हणजे सगळ्या जगाकडं आहे, असं या म्हाताऱ्यांना का वाटतं हो? मी दर वेळी चिडायचे. ते दर वेळी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरून द्यायचे.

तर त्या गुरुवारी सकाळी मी आण्णांना फोन लावला. उचलला भलत्याच कुणीतरी. घसा पार बसलेला.

"कोण?"

"मी विद्यापीठातून बोलतेय. उद्या मातीसाठी येणार होते."

"उद्या कशाला? आजच हाय की माती. अकराला."

माझं डोकंच फिरलं. "आज? असं परस्पर कसं बदललं? महिन्यापूर्वीच ठरलंय आमचं! आण्णांनीच सांगितलं होतं, शुक्रवारी ये म्हणून."



"म्हैन्यापूर्वी? आण्णा सोता म्हनला?"

"हो मग! एका दिवसाचा फरक म्हणजे काय गंमत आहे?"

"एकाच दिसाचा फरक…" तो माणूस पुटपुटला. "आरं देवा!"

"बरं, येते आजच. पण बाराशिवाय जमणार नाही. तोवर थांबवा."

"थांबवतो की. लांबनं कोण येणार असलं की थांबवत्यातच."

"आणि मी येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. कुणीही!"

"न्हाई पाजत," तो म्हणाला, आणि चक्क रडायला लागला.

मी फोन ठेवला आणि सुजितला म्हटलं (सुजित माझ्याच विभागात शिकतो, गाडी त्याची), "बघ! उसाची पाण्याची पाळी एक दिवस चुकली तर रडतात ही माणसं! अशानं जमिनी सुधारणार आहेत?"

बाराला पोचलो. मी पिवळ्याधमक टी-शर्टात, सुजितच्या खांद्यावर कुदळ. दारात ही गर्दी! मला वाटलं, आण्णांनी माझं काम दाखवायला गाव गोळा केलंय. मी लांबूनच ओरडले, "आण्णा! आज चहा नको हं, आधी माती!"

गर्दी बाजूला झाली. आण्णा अंगणातच होते. आडवे. गळ्यात हार.

आता, आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, हे मला माहीत नाही का? याच जिल्ह्यात जन्मले मी! पण रोज माती चाळून चाळून त्या शब्दाचा दुसरा अर्थ डोक्यातून गळूनच गेला होता. आणि अग्नी देण्याआधी घरच्यांनी तोंडात पाणी घालायचं, त्यालाही पाणी पाजणंच म्हणतात.

फोनवरचा माणूस म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, बापू. त्यांनी सुजितकडं नीट बघितलं.

"कुदळ कशाला आणलीस बाबा? आमच्यात जाळत्यात."

सुजितनं कुदळ पाठीमागं लपवली. कुदळ कधी लपते का?

"बापू, अहो, मी शेतातल्या…" मी सुरुवात केली, तेवढ्यात काकूंनी, आण्णांच्या बायकोनं, माझा हात धरला.

"आलीस बाई? पोरगं दुबईत अडकलंय. विमान मिळंना. लेकराच्या हातचं पाणीबी ह्यांच्या नशिबात न्हाई म्हणून सकाळपासनं जीव थाऱ्यावर न्हवता माझा. तेवढ्यात तुझा फोन आला. बापूला म्हणलं, हे जिला विद्यापीठातली लेक म्हणायचे, ती हीच. येऊ दे तिला."

लेक? मला कधी तोंडावर म्हणाले नाहीत. तोंडावर फक्त "लगीन कधी करतीस?"

माझ्या हुकमावरून सगळं गाव उन्हात तिष्ठत होतं. घोटभर पाणी कुणी पाजलं नव्हतं. सांगा, काय बोलणार होते मी?

वाटीत तुळशीचं पान बुडवून आण्णांच्या ओठांवर धरलं. पाणी आत गेलं नाही, कडेनं ओघळून मानेवर गेलं. मी ते हातानं पुसलं. वाटलं, आता डोळे उघडून म्हणतील, आधी चहा. मी वाट बघितली. मागून कुणीतरी "बास पोरी, बास" म्हणालं, तरी मी तिथंच.

मग त्यांना नेलं. मी काकूंजवळ बसून इतकी रडले, की शेवटी त्याच मला समजवायला लागल्या.

पुरुष माणसं नदीवरून परत आली, तोवर बापूंनी फोनची हकिकत गावभर केली होती. आण्णाला आपली माती म्हैन्याआधीच कळली होती! एका दिसानं चुकला फक्त! आणि सांगितलं कुणाला, तर या पोरीला!

कट्ट्यावर म्हाताऱ्यांची रांग बसलेली. सगळे माझ्याकडं बघत होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "आमच्याबद्दल काय बोलला न्हाई न्हवं आण्णा?"

"नाही हो, आजोबा." खुलासा करायला आवाज तरी कुठं उरला होता?

मी निघाले. बापूंनी डोक्यावर हात ठेवला. "येत जा गं. आता परत कधी येशील?"

मी डोळे पुसत, नेहमीच्या सवयीनं बोलून गेले, "पुढच्या महिन्यात येते की, मातीला."

कट्ट्यावरचे सगळेच्या सगळे उभे राहिले.

"कुणाच्या?"