चौथीच्या वर्गाबाहेरची पेटी

वैजयंती हिवाळे यांना शाळेत कुणी वैजयंती म्हणत नाही. मुलं 'हिवाळे बाई' म्हणतात आणि सहकारी शिक्षक, त्या समोर नसल्या की, 'आरोग्य खातं' म्हणतात. सोलापुरातल्या एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत त्या एकवीस वर्षं शिकवतायत. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर चौथीला 'जीवनशिक्षण' नावाचा तास असतो, तो त्यांचा. असतो म्हणजे वेळापत्रकात असतो. प्रत्यक्षात कधी स्नेहसंमेलनाचा नाच, कधी शिष्यवृत्तीची सराव परीक्षा, कधी कुणी पाहुणे येणार म्हणून मैदानाची सफाई. तास कुणाचा कापायचा असा प्रश्न पडला की सगळ्यांची नजर आधी हिवाळे बाईंकडं वळते. गणिताचा कापला तर पालक भांडायला येतात. नखं कशी कापावीत आणि राग आला तर काय करावं याच्यासाठी कोण येणार भांडायला?

बाई मात्र भांडतात. त्याला कारण आहे. बाईंचं बालपण बार्शीचं. वडील दवाखान्यात कंपाउंडर, घरात औषधांच्या बाटल्यांची चवड, पण मुलीच्या अंगाविषयी घरात अवाक्षर नाही. सहावीत त्यांना वसतिगृहात ठेवलं. तिथं पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आपण आता मरणार असं समजून या पोरीनं वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्यांना निरोप लिहून ठेवला होता. धाकट्या भावाला कंपासपेटी, मैत्रिणीला हिरवी रिबन. आज त्या हा किस्सा हसत सांगतात, पण ते दोन दिवस त्या विसरलेल्या नाहीत. आपल्या वर्गातलं एकही लेकरू असं एकटं घाबरत बसता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट.

म्हणून त्यांनी पेटी मागितली. मुलांनी नाव न लिहिता हवं ते विचारायचं, चिठ्ठी पेटीत टाकायची आणि बाई बुधवारी उत्तर देणार. मुख्याध्यापिकांना शाळेत मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी अडगळीच्या खोलीतनं एक जुनी लाकडी पेटी काढून दिली. ती होती प्रार्थना-विनंतीची. शाळेत जुनी रीत आहे. प्रार्थनागृहाच्या दाराशी एक पेटी असते. कुणाची आई आजारी, कुणाच्या बापाचं काम सुटलेलं, ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. दर शुक्रवारी म्हाळसाबाई, म्हणजे शाळेच्या मावशी, पेटी रिकामी करून चिठ्ठ्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवतात. सोमवारी परिपाठाला मोठ्या बाई त्या वाचतात आणि सगळी शाळा त्या माणसासाठी प्रार्थना करते. रीत चांगलीच आहे. हिवाळे बाईंच्या वडिलांच्या आजारपणातही अशी चिठ्ठी वाचली गेली होती आणि त्यांना फार धीर आला होता.

त्यांनी जुन्या पेटीला निळा कागद लावला, वर 'विचारा' असं लिहिलं आणि मुलांना शब्द दिला, "ही पेटी माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही." कुलपाची एक किल्ली त्यांनी पर्समध्ये ठेवली. दुसरी म्हाळसाबाईंच्या जुडग्यात तशीच राहिली होती. हे ना मोठ्या बाईंच्या लक्षात आलं ना हिवाळे बाईंच्या.

पेटी चालली. माशाला तहान लागते का, इथपासून सुरुवात झाली आणि हळूहळू 'पप्पा ओरडले की माझ्या पोटात का दुखतं' इथवर मुलं आली. बाई हरखल्या. सोमवार ते गुरुवार पेटी वर्गाबाहेर आणि गुरुवारी संध्याकाळपासून त्यांच्या कपाटात, असा नेम होता. शिवाय त्यांनी पाण्याचा तक्ताही लावला होता. ज्याची बाटली दुपारपर्यंत रिकामी, त्याला चांदणी. सिद्धेश्वरी नावाच्या एका गप्प मुलीच्या नावापुढं सगळ्यांत जास्त चांदण्या होत्या आणि बाईंना तिचं कौतुक वाटायचं.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, सुट्टी संपली आणि बाईंना तीन दिवसांच्या सरकारी प्रशिक्षणाला धाडलं. तिथं जे शिकवलं ते त्या आधीच दोनदा शिकल्या होत्या, पण हजेरी सक्तीची. पेटी कपाटात ठेवायची राहिली. शुक्रवारी म्हाळसाबाईंनी नेहमीची पेटी उघडली, मग चौथीबाहेर तसलीच दुसरी दिसली म्हणून जुडग्यातली किल्ली लावून तीही उघडली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी इमानानं आपलं काम केलं, दोष द्यावा तरी कसा?

सोमवारी परिपाठाला हिवाळे बाई चौथीच्या रांगेमागं उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, "बाई, तुम्ही म्हणता पाणी प्या. मी पीत नाही, झाडाला ओतते. बाथरूमच्या दाराला कडी नाही. मोठी मुलं दार ढकलतात. दुधनीला आज्जीकडं पण कडी नाही, पण तिथं माझी अव्वा बाहेर उभी राहते. इथं कोण उभं राहील?"

 जिची आज्जी दुधनीला अशी मुलगी चौथीत एकच आणि ती हिवाळे बाईंपासून चार हातांवर उभी होती. सगळ्या माना सिद्धेश्वरीकडं वळल्या. तिनं मात्र मान खाली घातली ती वर केलीच नाही. मोठ्या बाईंचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "प्रभू, या लेकराच्या दाराशी तू उभा राहा. तिची भीती काढून टाक." चारशे मुलं आमेन म्हणाली.

दुपारच्या सुट्टीत सातवीची दोन पोरं बाथरूमपर्यंत तिच्या मागं गेली आणि देव उभा हाय का बघ म्हणून हसत सुटली. सिद्धेश्वरी तशीच परत फिरली. त्या दिवसापासून ती त्या बाजूला फिरकलीच नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या मोठ्या बाईंकडं गेल्या, पेटीचा घोटाळा सांगितला. मोठ्या बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही, पण प्रार्थनेनं कुणाचं नुकसान झालंय, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग कडीचं काय, असं बाईंनी विचारलं. कडीचा अर्ज दिवाळीतच संस्थेकडं गेलेला. बांधकाम समितीची बैठक ईस्टरनंतर. म्हणजे मुलीनं तोवर लघवी धरून ठेवायची का, असं बाई बोलून गेल्या. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, हिवाळे, तुमची भाषा जरा सांभाळा. आरोग्याच्या तासाला लघवी हा शब्द चालतो, मुख्याध्यापिकांच्या खोलीत चालत नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी सिद्धेश्वरीची अव्वा, म्हणजे आई, आली. गौरम्मा घरीच कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. हाताला पीठ तसंच होतं. पोरगी तापानं फणफणली होती.

"बाई, पोरगी साळंतनं आली की दप्तर बी न काढता न्हाणीत पळती. मला वाटायचं खेळायची घाई असंल. डॉक्टर म्हणतेत लघवी दाबून दाबून झालंय. तुमी आरोग्य शिकवताव न्हवं?"

 तक्त्यावरच्या चांदण्या बाईंनी त्याच दुपारी खरवडून काढल्या. इतके दिवस आपण एका तहानलेल्या पोरीला खोटं बोलल्याचं बक्षीस देत होतो, आणि मुलींच्या बाथरूममध्ये एकदाही डोकावलो नाही, कारण शिक्षकांचं वेगळं आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातनं कडी आणली. नवऱ्याला बोलावून घेतलं. चार स्क्रू आणि अर्धा तास, एवढंच काम होतं. दिवाळीपासून अडलेलं काम अर्ध्या तासात झालेलं बघून समाधान वाटायला हवं होतं, पण त्यांना रडू आलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

सोमवारी परिपाठाला मोठ्या बाईंनी जाहीर केलं की आपली प्रार्थना ऐकली गेली, दाराला कडी आली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. हिवाळे बाई देवाला मानणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून आमेन निघालं नाही. निळी पेटी त्या सोमवारी रिकामी, बुधवारी रिकामी, पुढच्या बुधवारीही रिकामीच. मुलं तिच्याजवळनं जाताना जरा लांबून जायची.

सिद्धेश्वरी दहा दिवसांनी आली. गाल बसलेले, हातात आईनं दिलेली औषधाची बाटली. दुपारच्या सुट्टीत बाई तिला एकटीला गाठून खाली बसल्या, अगदी तिच्या डोळ्यांच्या उंचीला. दाराला आता कडी आहे म्हणाल्या. कडी असली तरी रोज सुट्टीत मी स्वतः बाहेर उभी राहीन, तू आत असेपर्यंत कुणी जवळ येणार नाही, मला फक्त येऊन सांगायचं, असंही म्हणाल्या. हे त्या मनापासून बोलत होत्या आणि तसं करणारही होत्या.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग अदबीनं, मोठ्या माणसाला नाही म्हणताना बोलावं तसं, ती म्हणाली, "नको बाई. तुमी परत सगळ्यान्ला सांगताव."

मी नाही सांगितलं, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. पण माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही, असा शब्द त्यांनीच दिला होता. सिद्धेश्वरी वर्गात जाऊन बाकावर पाय घट्ट जुळवून बसली आणि शाळा सुटेपर्यंत उठली नाही.