तिसऱ्या रविवारची हरकत

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं पुकारायची आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारायचं, ही रीत. या प्रश्नावर सहसा कोणी मानही वर करत नसे. सत्तरच्या दशकात मी तासगावकडच्या एका लहान मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक होतो, तेव्हा मात्र पहिल्याच रविवारी पुढच्या बाकावरचे सुभेदार ताडकन उठले. पलटणीतून निवृत्त झालेले, मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. लग्न त्यांच्या विधवा सुनेचं होतं, सांगलीच्या एसटी डेपोतल्या मेकॅनिकशी.

"माजी हरकत हाय."

"कारण?"

"हाय म्हंजे हाय. कारण कशाला पायजे?"

कटकट्या माणसाच्या घरी जावं, चहा घ्यावा, त्याचं ऐकून घ्यावं, असं आम्हाला पाळकाच्या शिक्षणात शिकवलं होतं. गेलो. चहा सुनेनंच आणला. दिवसभर द्राक्षबागेत राबून आली होती बिचारी, आणि तिच्यादेखत सुभेदार मला दम देत होते, "वरच्या सायबांकडं एक शब्द टाकला तर तुमची बदली हुईल, पाळकसाहेब." माझं डोकं सणकलं. चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. सुभेदारांशी वाकडं घेऊ नका, असं जो तो मला सांगू लागला. खरं म्हणजे सुभेदारांपेक्षा मला या शहाण्यांचाच जास्त राग आला.

तिसऱ्या रविवारी ते उभे राहिले तसा मी व्यासपीठावरून खाली उतरलो. "आज मला नका सांगू. तुमची सून तिथं बसलीय, तिला सांगा."

बायकांच्या बाजूला ती उठून उभी राहिली. "सांगा, मामंजी."

सुभेदार तिच्याकडे वळले. म्हणाले, "तू गेल्यावर आमाला भाकरी कोण घालंल गं?"

मागं कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, आणि कीवही आली नाही. "याला हरकत म्हणत नाहीत," मी म्हणालो आणि त्याच आठवड्यात लग्न लावून दिलं.

सुभेदार मात्र शब्दाचे पक्के निघाले. भर पावसाळ्यात माझी बदली महाबळेश्वरकडे झाली. हुकूम हातात ठेवताना वरिष्ठ हळहळले, "थोडं नमतं घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"माझं काहीच बिघडलं नसतं," मी म्हणालो. "भाकऱ्या तिला थापाव्या लागल्या असत्या."