दोन डाव्या बाह्या

दादा शिंपी. मी त्याची धाकटी बहीण. दुकानातली काजं-बटणं माझ्याकडे. कापड कापायचं मात्र त्यानंच. चाळीस वर्षं त्याच्या कात्रीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

एकदा एक गिऱ्हाईक कोट घालून बघत होतं. "मास्तर, माझे दोन्ही हात डावे आहेत का हो?" बघते तर दोन्ही बाह्या डाव्या! कापताना कापड उलटवायचं राहिलं होतं. जोडल्याही त्यानंच, तरी कळलं नाही. सगळे हसलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मी आणि वहिनीनं त्याला डॉक्टरांकडे नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "मेंदूच्या पेशीत बारीक नळ्या असतात. टाऊ नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. यांचं ते टाऊ सुटत चाललंय. सुटलं की त्याचा गुंता होतो, नळ्या कोलमडतात, पेशी मरते."

"टाके सुटले म्हणा की," दादा म्हणाला. "नव्यानं घालू."

"अहो, टाके नाही, टाऊ!" वहिनी म्हणाली.

"तेच ते. आणि गुंत्याचं मला नका सांगू, डॉक्टर. ही लहानपणी रोज रिळं गुंतवायची, सोडवायला मी!"

"हा गुंता अजून कुणाला सुटलेला नाही, मास्तर."

दादा म्हणाला, "कात्री किती दिवस चालेल माझी?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

"वन्सं, कात्री लपवा," वहिनी म्हणाली. मला धीर होईना. तो कापायचा, मी शेजारी उभी. "उलटवलंस का रे?" विचारलं की खेकसायचा, "मला शिकवतेस?" त्याचं खेकसणंही मला बरं वाटायचं. रोज देवापुढे हात जोडायची, पण मेलेल्या पेशी परत मागाव्यात की काय मागावं, तेच कळेना.

परवा एकजण कोटाचं कापड घेऊन आला. गळ्यात मोजपट्टी घातलेल्या दादानं अदबीनं स्टूल पुढे केलं. "बसा ना. मास्तर बाहेर गेलेत, येतीलच."

गिऱ्हाइकाला थट्टा वाटली. मी कापड त्याच्या हातात परत दिलं. "नवीन काम बंद केलंय आम्ही."

तो गेल्यावर दादा माझ्यावर चिडला. "मास्तरांना न विचारता गिऱ्हाईक परत पाठवतेस?"

"चुकलं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार!