पद्माकरची प्रिमिटीव्हो आणि सुनीतीवहिनींचं ताट

लंडनजवळच्या पिनरच्या आमच्या पद्माकरने नोकरीभर तिथल्या कौन्सिलमध्ये बसून लोकांच्या घरांच्या एक्स्टेन्शनचे नकाशे मंजूर केले. स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर वाइनचा एक ग्लास ठेवायची मंजुरी मात्र त्याला घरून मिळेना.

तसा तो काही पिणारा म्हणून नाव कमावलेला माणूस नव्हे. शनिवारी मी आणि माझी बायको श्रद्धा स्लाऊहून त्याच्याकडे गेलो की आम्ही दोघे मित्र हॉलमध्ये बसून व्हिस्की घ्यायचो. सोबतीला चकली, खारे दाणे आणि भारतातलं राजकारण. आतून सुनीतीवहिनींनी हाक मारली की ग्लास तिथेच ठेवायचे, हात धुवायचे आणि शहाण्यासारखं पानावर जाऊन बसायचं. पिणं पिण्याच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी. मला विचाराल तर याहून सोयीची व्यवस्था कोणी शोधून काढलेली नाही.

दोन हजार चार साली हे नवराबायको इटलीच्या दक्षिणेला, पुलियात, आठवडाभर राहून आले आणि पद्माकर बिघडला. तिथल्या खानावळीत एक म्हातारं जोडपं रोज दुपारी जेवायला यायचं. म्हातारा तिच्या ग्लासात लाल वाइन ओतायचा, मग ती त्याच्या. फारसं बोलणं नाही, घाई नाही. पद्माकर स्वतःचं जेवण सोडून त्यांच्याकडे बघत बसायचा. त्याला सुनीतीबरोबर तसं जेवायचं होतं. बाकीचं सगळं वाइनपुराण हे निमित्त होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुराण मात्र दणदणीत होतं. या वाइनचं नाव प्रिमिटीव्हो. जांभळासारखी गडद, वास आलुबुखार आणि लवंगेचा, अंगात जोर भरपूर. हिला जेवण लागतं, तो सांगायचा. भाजलेलं मटण, सॉसेज, टोमॅटोत शिजवलेलं वांगं, जुनं चीज. एकदा मी ती चकलीबरोबर घेतली आणि काढ्यासारखी लागते म्हणालो, तर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

वहिनी सोवळ्यातल्या नव्हत्या. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला त्याही शेरी घ्यायच्या. पण ताटाच्या बाबतीत त्या कडक. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, पाण्याचं भांडं शेजारी. “यात तुमच्या ग्लासला जागा कुठे आहे, तेवढं दाखवा,” असं त्या म्हणायच्या, आणि नकाशे वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती जागा दाखवता यायची नाही.

शेवटी रिटायरमेंटच्या निमित्ताने त्याने भेट म्हणून एवढंच मागितलं. वहिनींनी होकार दिला, पण एकाच ग्लासला आणि एकाच दिवसापुरता. बेत पद्माकरने ठरवला. वहिनी कोल्हापूरच्या, तेव्हा तांबडा रस्सा. जोरदार वाइन, जोरदार मटण, जोडा जुळलाच म्हणून समज, असं त्याने मला फोनवर बजावलं.

त्या दिवशी आम्ही चौघे पानावर बसलो. त्याने ग्लास हलवला, वास घेतला, रश्श्याचा घास घेतला आणि वर घोट घेतला. कोल्हापुरी मिरची आणि ती वाइन तोंडात एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या असाव्यात, कारण त्याचे कान लाल झाले. पण इतकी वर्षं तिची वकिली केल्यावर आता कबूल कसं करणार? “सुंदर,” तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला हसू आवरेना; श्रद्धाने टेबलाखालून चिमटा काढला.

वहिनी मटण रांधायच्या, खायच्या नाहीत. त्यांच्या ताटात भरली वांगी होती, गोडा मसाला आणि दाण्याचं कूट घातलेली. त्यांनी दोन वांगी त्याच्या पानात वाढली. पद्माकरने एक खाल्लं आणि घोट घेतला. पुराण नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला, “सुनीती, ती म्हातारी वांगंच खायची.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपलं पाण्याचं भांडं जरासं मागे सरकवलं.

“इथे ठेवा. अर्धाच.”

त्याने नवा ग्लास आणून ठेवला आणि ओतली. मग वहिनींनी बाटली त्याच्या हातून घेतली आणि त्याचा ग्लास भरला. माझ्यापुढे तर ग्लासही नव्हता, पण तेव्हा मागायची माझी छाती झाली नाही.