एक हात रिकामा

"मूठ आवळू नको, सैल सोड. तू आवळलीस की बांगडी फुटती, आन् फुटली की नाव माझं निघतं," असं म्हणत मावशी समोरच्या पोरीचा अंगठा तळहातात दुमडायची, बोटांची मुळं दाबायची, आणि पोरीला कळायच्या आत पहिली बांगडी मनगटावर गेलेली असायची.

धारूरकडच्या दहा-बारा गावांत ती बांगड्या भरत हिंडायची. मी त्याच भागातल्या उपकेंद्रात नर्स. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिला आतल्या खोलीपर्यंत जायला कुणी अडवत नाही. तिच्याकडे नीट बघून ठेवा. मला ते उशिरा सुचलं.

मला याद्या लागतात. गरोदर बायका, लसीची बाळं, गोळ्या कुणाला दिल्या, कुणाच्या राहिल्या, सगळं वहीत. शेवटचा रकाना तक्रारीचा. तिथं तरण्या सुनांपुढं मी वर्षानुवर्षं 'नाही' लिहीत आले, कारण विचारलं की त्या नाहीच म्हणायच्या.

एकदा केजहून येताना जीपमध्ये मावशी शेजारी होती, मांडीवर पेटी घेऊन. माझी वही तिनं उलटीकडून बघितली. वाचता येत नव्हतं, पण विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं.

"तुमच्या वहीत समद्या बऱ्या हायत, सिस्टर," ती म्हणाली. "माझ्या हातात आल्या की अर्ध्यांचा हात तापलेला लागतो."

बांगड्या भरायला पाव तास लागतो. तेवढा वेळ पोरीचा हात दुसऱ्या बाईच्या हातात असतो, मान खाली असते, सासू रंग निवडण्यात गुंतलेली असते. तेवढ्यात त्या हळूच सांगायच्या. अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, लघवीला आग होते, ओटीपोट दुखतं, नवरा जवळ आला की जास्तच दुखतं. मला चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते मावशीला चार गल्ल्यांत कळलेलं होतं.

पुढच्या मंगळवारी ती उपकेंद्रात येऊन बसली आणि म्हणाली, मला नीट शिकवा. मी शिकवलं. पांढरं जाणं प्रत्येक वेळी रोगच असतो असं नाही, पण वास, आग, दुखणं असेल तर तपासायलाच हवं. काही लागणी संबंधातून होतात. बाईला पुष्कळदा काही जाणवतही नाही, आणि आत लागण पिशवीपर्यंत, नळ्यांपर्यंत चढते. पुढं दिवस राहायला अडचण येते. बहुतेक लागणी गोळ्यांनी पूर्ण बऱ्या होतात, एखादी आयुष्यभर औषधावर काबूत ठेवावी लागते. लागण संबंधातून आलेली असेल तर नवऱ्यालाही औषध. कोर्स संपेपर्यंत संबंध नाही, आणि एरवी निरोध.

तिनं एकच शंका काढली. नवऱ्याला काहीच होत नसेल तर? मी म्हटलं, तरी त्याच्यात लागण असू शकते, दिसत नाही.

"बांगडीचा तडा बी दिसत न्हाई. वाजवून बघावी लागती," ती म्हणाली आणि उठली. शिकवणी संपली.

त्या दिवसापासून तिच्या पेटीत निरोध असायचे. नव्या सुनेला बांगड्या कागदात बांधून देताना त्यातच एक पाकीट सरकवायची. "ह्यातलं समदंच हातात घालायचं नसतं बरं का. त्ये नवऱ्याला दे. न्हाई म्हनला तर त्याला माझ्याकडं धाड, मी माप घेते." पोरी लाजून मरायच्या, पण पाकीट परत कुणी केलं नाही.

आता सुरेखाचं सांगते. हे तिचं खरं नाव नाही. वय तेवीस, दोन लेकरं. घरी शेळ्या, आणि नवरा टेम्पोतून शेळ्या-बोकड घेऊन लांबच्या बाजारांना जायचा, आठ-आठ दिवस बाहेर. तिला मावशीनंच माझ्याकडं पाठवलं. मी तिला केजच्या सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. बरी झाली. मी वहीत 'बरी' लिहिलं. महिन्या-दीड महिन्यानं तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा 'बरी'. तिसऱ्यांदाही तेच. नवऱ्याला मी दोनदा निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं की बाईचं दुखणं बाईनं बघावं, मला काय धाड भरलीय.

सासू कंटाळली. तिनं एका खासगी दवाखान्यात विचारून सुरेखाची गर्भपिशवी काढायचं ठरवलं. लेकीच्या लग्नानंतरच्या शुक्रवारचा दिवसही घेतला. मी घरी जाऊन सांगितलं की एवढ्या लहान वयात पिशवी काढली तर पुढं हाडं ठिसूळ होतात, अंग लवकर थकतं, आणि नवऱ्याकडून येणारी लागण काही थांबत नाही. सासूनं शेळीपुढं पाला टाकत ऐकून घेतलं.

"दोन लेकरं झाली. आता त्या पिशवीचं काय लोणचं घालायचंय का?"

मी परत आले. वाटेत मावशी भेटली. सुरेखानं तिला सगळं सांगितलेलंच होतं. मावशीनं मला विचारलं, औषध बरोबर होतं ना?

"बरोबर होतं."

"मग कावून उलटतंय?"

म्हटलं, नवऱ्यानं घेतलं नाही म्हणून.

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजी तीनदा तुमी एकच हात भरला, सिस्टर."

मला राग आला. मग लक्षात आलं की वहीत तीन वेळा 'बरी' मीच लिहिलं होतं.

मंगळवारी त्या घरी नणंदेच्या लग्नाच्या बांगड्या होत्या. अंगणात गल्लीतल्या बायका जमलेल्या. मलाही बोलावणं होतं. नवरीचा चुडा झाला, सासूच्या बांगड्या झाल्या, मग सुरेखा बसली. मावशीनं तिचा उजवा हात मनगटापासून हिरवागार भरला. सुरेखानं डावा पुढं केला. मावशीनं पेटी बंद केली.

सासू म्हणाली, अगं, दुसरा हात राहिला की.

"दोघं नवरा-बायको केजला जाऊन आले की भरीन."

लग्नघरात सवाष्णीचा एक हात भरलेला आणि एक मोकळा, हे त्या अंगणातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. मावशीनंही तीस वर्षांत कधी केलेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, नवस हाय का? मावशी म्हणाली, तसंच समजा. आजाराचं अक्षर तिनं काढलं नाही. पण सासू काय ते समजली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग ती मुकाट्यानं आत गेली.

बाहेर आल्यावर मावशी बांधावर बसली. "पाप केलं का गं मी?" तिनं विचारलं. मला तिनं पहिल्यांदाच 'गं' म्हटलं होतं. मी नाही म्हणाले. आणि तिची पेटी उचलून घेतली.

बुधवारी सकाळी साडेनऊला सुरेखा आणि तिचा नवरा केजच्या दवाखान्यात होते. हळद दुसऱ्या दिवशी होती आणि सुनेचा रिकामा हात घेऊन मिरवायची सासूची तयारी नव्हती. तिनंच लेकाला हाकललं होतं. तो भिंतीकडं तोंड करून बसला, पण रक्त दिलं, डॉक्टरांनी एकट्याला आत घेतल्यावर बोलला, आणि दोघांचं औषध एकाच दिवशी सुरू झालं. ठरलेल्या शुक्रवारी पिशवी काढायला कुणी गेलं नाही. दोघांचं औषध चालू आहे, पुढं बघू, असं सासूनं कळवलं. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा तपासून आले. आजार उलटला नव्हता. मग मी 'बरी' खोडून 'बरे' लिहिलं.

मावशी बुधवारी संध्याकाळीच त्यांच्या दारात गेली होती. डावा हात भरून झाल्यावर सुरेखा रीतीप्रमाणे तिच्या पाया पडली. मागोमाग सासू वाकली. मावशी म्हणे इतकी ओशाळली की चहा न घेताच निघाली.

मावशीला जाऊन आता दोन पावसाळे झाले. तिच्या जागी कुणी आलं नाही. पोरी केजच्या दुकानातून बांगड्या आणतात आणि आपल्या हातानं चढवतात. दोन मिनिटं लागतात. त्यांचं दुखणं कुणाच्या कानावर जात नाही. म्हणून आता मी घराघरांत जाते आणि पाव तास बसते. पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. मी उठत नाही.

गेल्या आठवड्यात घाटनांदूरकडून लग्न होऊन आलेली एक सून उपकेंद्रात आली. एकोणीस वर्षांची, चेहरा पिवळा. तिचं सगळं विचारून झालं, मग नवरा कुठं आहे विचारलं. बाहेर जीपमध्ये बसलेत, आत यायला लाजतेत, असं ती म्हणाली. मी खिडकीतून पाहिलं. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, मिशीही नीट न फुटलेला.

मावशीनं त्याला कसं आत आणलं असतं, मला माहीत नाही. मी चप्पल घातली, जीपचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.