गोविंदची नऊ तासांची झोप

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर एकटा उभा असतानाही नाही. बोलायला लागलं की मी लगेच इकडचं तिकडचं काढतो — तेवढी माझी जुनी खोड आहे. तेव्हा आज जरा रेंगाळलो तर ऐकून घ्या.

रत्नागिरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी गाड्या सोडायचं काम करतो. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, किती वाजता निघाला, किती वाजता आला, किती तास झोपला — सगळं माझ्या हातचं. माझ्या टेबलामागे नियमांचा बोर्ड आहे. पाच तास गाडी चालवली की अर्धा तास थांबायचं, आणि एका दिवसाची ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाची लागेपर्यंत सलग नऊ तास विश्रांती. बोर्ड मी स्वतः लावलाय, अगदी सरळ. कुणी वाचला म्हणता? मी तरी कुठे वाचला!

आमच्याकडे एक पद्धत होती. विश्रांतीच्या तक्त्यावर सगळ्या ड्रायव्हरांच्या आठवडाभराच्या सह्या मी सोमवारीच घेऊन ठेवायचो. मग सकाळी चहा पिता पिता तास भरायचे. कोण झोपलं, कोण जागलं — माझ्या पेनाला काय फरक पडत होता? आणि झोपायची खोली? होती की, ऑफिसच्या मागे. पण आंब्याच्या हंगामात तिच्यात छतापर्यंत पेट्या. आत खाट होती हे नवीन ड्रायव्हरांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

गोविंद मात्र जुना. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्या मे महिन्यात तो वाशीला आंबा उतरवून सकाळी आठला परत आला. डोळे लालबुंद. "दादा, आता घरी जाऊन पडतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाय," म्हणाला.

कोल्हापूरला जायची एक गाडी भरून उभी होती. तिच्यावरचा ड्रायव्हर दीड वाजता यायचा होता. म्हणजे दीडपर्यंत मला ऑफिसात बसणं आलं. आणि घरी माझ्या सासुरवाडीची माणसं आलेली. सुरमई आणलेली. बायकोचे दोन फोन येऊन गेलेले.

हेच कारण. दुसरं काही नाही. मालकांचा दबाव होता, असं मी स्वतःला कितीदा समजावून पाहिलंय — पण मालक त्या दिवशी गावातच नव्हते. मला जेवायला घरी जायचं होतं, बस्स.

"एवढी एक खेप मार रे गोविंदा, तुझ्याशिवाय कोण आहे मला?" असं म्हणालो. त्याने नळाखाली डोकं धरलं, अंगातला शर्ट तसाच ओला, आणि गाडीवर चढला. नऊला गाडी गेली. साडेबाराला मी पाटावर.

साखरप्याच्या अलीकडे वळणावर गाडी रस्ता सोडून खाली उतरली. तिथे एक म्हातारी करवंदं विकायला बसायची. तिची मांडी मोडली. गोविंदच्या डोक्याला मार बसला. मला फोन आला तेव्हा माझ्या हाताला अजून माशाचा वास होता.

आणि मी काय केलं? दवाखान्यात गेलो? नाही. आधी ऑफिसात गेलो. पेट्या बाहेर काढल्या, खाट मांडली, वर चादर घातली — चादर चुरगाळलीसुद्धा! मग तक्ता उघडला. गोविंदची सही होतीच. 'आदल्या संध्याकाळी सहाला परत. अकरा ते आठ विश्रांती.' नऊ तास, बोर्डावर लिहिल्यासारखे. दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले, खोली पाहिली, कागद पाहिला. वाशीची पावती मागून कुणी ताडून पाहिली नाही. ड्रायव्हर झोपून उठलेला होता, म्हणजे चूक त्याचीच. त्याचं लायसन्स गेलं.

इथे थांबलो असतो तर हा निव्वळ भित्रेपणा झाला असता. पण तो तीन दिवसांनी शुद्धीवर आला आणि त्याला तो दिवस आठवेचना. आजही आठवत नाही. वाशीला जायला निघाला, त्यापुढे सगळं कोरं. मी भेटायला गेलो, तर माझा हात धरून विचारतो, "ओ दादा, मी झोपलेलो ना त्या दिवशी?"

मी म्हटलं, "झोपलेलास की. चांगला घोरत होतास."

घोरत होतास! एवढं जास्तीचं बोलायची काय गरज होती मला? कुणी विचारलं होतं?

तेव्हापासून गोविंदला वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. नऊ तास झोपूनही ज्याचा डोळा लागतो, त्याचा काय नेम? आता तो एका काजूच्या कारखान्यात बिया फोडतो. दर रविवारी एसटीने साखरप्याला जातो, त्या म्हातारीचं पाणी भरतो, लाकडं फोडून देतो. घरी स्कूटर आहे, तिला हात लावत नाही. कितीतरी वर्षं झाली. मी आहे तिथेच आहे. तक्ता अजून मीच भरतो. सह्या आता रोजच्या रोज घेतो — त्याने गोविंदचं काय भलं झालं?

गेल्या बुधवारी सकाळी तो माझ्या दारात. त्याच्या बायकोला, सुलभाला, सणसणून ताप. रिक्षा मिळेना. स्कूटरची चावी माझ्या हातात देत म्हणाला, "दादा, तुम्ही न्या तिला दवाखान्यात. माजा मला भरवसा नाय. तुमचा हाय."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. तो समोर उभा होता, चावी माझ्या हातात होती.

त्याच्या घरी जाऊन मी स्कूटरला चावी लावली. सुलभा मागे बसली, माझ्या खांद्याला धरून. गोविंद फाटकाशी उभा राहून ओरडला, "सावकाश जा हां दादा!" मी मान हलवली आणि गाडी काढली.