आठव्या दिवसाची प्रार्थना

आईच्या पोटात गाठ आहे हे कळलं, तेव्हा मी औरंगाबादला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. गाठ साधी की वाईट, हे ऑपरेशन केल्यावरच समजेल, असं दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं पत्र आलं. ऑपरेशन औरंगाबादलाच होणार होतं, त्याची तारीखही पत्रात होती. पत्र वाचून मी रडले नाही, आधी बोटांवर दिवस मोजले. आजपासून नऊ दिवस धरले तर दहाव्या दिवशी ऑपरेशन. म्हणजे मारियामातेची नऊ दिवसांची प्रार्थना, आमची नोव्हेना, त्यात अगदी चपखल बसत होती. मला चक्क हायसं वाटलं. आता फक्त नेम पाळायचा, पुढचं देवाकडं लागलं, अशी माझी तेव्हाची भक्ती.

आमचं होस्टेल पडेगावच्या बाजूला, सिस्टर लोकांच्या कॅथलिक कॉलेजचं. आम्ही ख्रिस्ती मुली तिथं मूठभरच, बाकी सगळ्या आसपासच्या गावांतल्या हिंदू आणि मुसलमान घरांतल्या. पण संध्याकाळी सहाच्या घंटेला चॅपल सगळ्यांनाच उघडं असे. परीक्षा जवळ आली की तिथं फार गर्दी व्हायची! चॅपलची किल्ली सिस्टरांनी माझ्याकडं दिलेली. फुलं बदलणं, मेणबत्त्या लावणं, जपमाळेला सुरुवात करून देणं हे सगळं मी करायची, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोरा होता. मुली मला ‘पोपची पुतणी’ म्हणायच्या. माझ्या खोलीत राहणारी सुनंदा फुलंब्रीकडची, शेतकऱ्याची मुलगी. पहिल्यांदा चॅपलमध्ये आली तेव्हा दाराजवळच्या भांड्यातलं पवित्र पाणी तिनं तीर्थ समजून तळहातावर घेतलं आणि पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. आम्ही त्या पाण्यात फक्त बोटं बुडवून क्रुसाची खूण करतो. मी तिला सगळ्यांसमोर असं काही झापलं की बिचारी महिनाभर तिकडं फिरकली नाही.

सात दिवस नोव्हेना बिनचूक झाली. आठव्या दिवशी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल लांबलं. उन्हातून चालत आले, डोकं ठणकत होतं. प्रार्थनेची पुस्तिका उघडून उशाशी ठेवली आणि घंटा होईपर्यंत जरा पडावं म्हणून आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा खिडकीत पहाटेचा उजेड होता आणि अंगावर सुनंदाची चादर. खंड पडला तर नोव्हेना पहिल्यापासून करायची, हे लहानपणापासून माझ्या मनात पक्कं बसलेलं. आता पहिल्यापासून करायला दिवसच कुठं उरले होते! नववा दिवस मी केला, पण ओठांनीच. आईला काही झालं तर ते माझ्या झोपेमुळं, हा विचार मनातून हलेना. सिस्टरांना सांगायची हिंमत झाली नाही. इतरांना नेम शिकवणारी मी, कोणत्या तोंडानं सांगणार?

ऑपरेशनच्या दिवशी सुनंदा न सांगताच माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आली. आईला आत नेलं. दादा औषधं आणायला खाली गेले. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, समोर ऑपरेशन थिएटरचं बंद दार. मी जपमाळ काढली, पण एक शब्द येईना. एरवी चॅपलभर मुलींना प्रार्थना सांगणारी मी त्या दारासमोर मुकी झाले होते. शेवटी बांध फुटला. आठव्या दिवसाचं सगळं सुनंदाला सांगून मी ओक्साबोक्शी रडले.

सुनंदानं पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, “रागावू नकोस. त्या दिवसाचं मी वाचलं.”

मला काही उमगेना.

“तुला लई हलवलं, उठलीच नाय. पुस्तक उघडंच व्हतं. म्हटलं आईसाठीचा नेम हाय, मोडायला नको. आमच्या घरी आई बाजूला बसली की दिवा आत्या लावती. नेम घराचा असतो, माणसाचा नसतो. मग तुझ्याकडची किल्ली घेऊन मीच गेले चॅपलात, मागच्या बाकावर बसून सगळं पान वाचलं. तुझ्या आईचं नावबी घेतलं. पाण्याला हात नाय लावला बघ.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुझीच भीती वाटली. तुमच्यात चालतं का नाय, कुणाला ठावं? अन् शेवटचा आमेन मी म्हटला नाय. तो तुझ्या वाटचा ठेवला.”

जिला मी चार मुलींत पाणउतारा करून परत पाठवलं, तीच माझ्या आईसाठी देवापुढं बसून आली होती, आणि माझ्यासाठी जागा सोडून आली होती. दहा दिवस मी प्रार्थना एकटीनं डोक्यावर वाहत होते, मी थांबले तर देवही थांबेल अशा समजुतीनं. तो थांबला नव्हता. त्यानं फक्त माणूस बदललं होतं. मी सुनंदाचा हात धरला आणि त्या बंद दाराकडं बघत म्हटलं, “आमेन.” दहा दिवसांत पहिल्यांदाच मी काही मागितलं नाही. आई त्याच्या हातात आहे, एवढंच कळलं, आणि आतून शांत शांत वाटलं.

गाठ साधी निघाली. आई त्यानंतर खूप वर्षं जगली आणि सुनंदाला कायम माझ्याआधी जेवायला वाढत राहिली. त्या दोघींसाठी देवाचे आभार मानल्याशिवाय आजही माझी प्रार्थना संपत नाही. कुणी म्हणेल, गाठ साधीच होती, नोव्हेनेनं काय केलं? मी वाद घालत नाही. मी स्वतःला वेगळंच विचारत आले आहे, की ती वाईट निघाली असती तर? मला वाटतं, माझं आमेन तरीही खरंच राहिलं असतं. मी ते म्हटलं तेव्हा दार अजून बंद होतं.